हॉलमधली कॉट, ओसरीतली बंगई

"आम्ही बाबांना हॉलमध्ये कॉट दिली आहे," असं त्या सूनबाई म्हणाल्या आणि दुभाषा म्हणून मी त्याचं इंग्रजी अगदी सहज केलं. कॉटचं कॉट, हॉलचं हॉल. करण्यासारखं त्यात काही नव्हतंच. समोर बसलेल्या सोशल वर्करचं पेन मात्र थांबलं. तिने मला वाक्य पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा तेच सांगितलं. मग चेहरा अगदी कोरा ठेवून तिने पुढचा प्रश्न विचारला, "घरात बेडरूम किती आहेत?"

"चार," सूनबाई म्हणाल्या. जरा अभिमानानेच म्हणाल्या.

अमेरिकेत घरातला हॉल म्हणजे बेडरूमकडे जाणारा अरुंद बोळ. आणि कॉट म्हणजे कॅम्पिंगला जाताना गाडीच्या डिकीत टाकतात ती घडीची कापडी खाट. चार बेडरूमच्या घरात ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला बोळात घडीच्या खाटेवर झोपवतात, असं मी सांगून मोकळा झालो होतो. खरी गोष्ट अशी होती की आजोबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, बेडरूम सगळ्या वरच्या मजल्यावर होत्या, आणि त्यांना जिना चढायला लागू नये म्हणून मुलाने नवा कोरा पलंग आणून दिवाणखान्यात, टीव्हीसमोर मांडला होता. हे माझ्या ध्यानात यायला दहा मिनिटं लागली. तोवर त्या बाईंनी बरंच काही लिहून काढलं होतं, ते खोडावं लागलं.

त्या दिवशी मला या धंद्यातली पहिली महत्त्वाची गोष्ट कळली. मराठीत राहायला आलेला इंग्रजी शब्द इंग्रजी राहत नाही, त्याचंही भाषांतर करावं लागतं. टीपॉय म्हटलं तर अमेरिकन माणसाला काहीच कळत नाही, त्याला कॉफी टेबल म्हणावं लागतं. शोकेस म्हटलं तर तो दुकान समजतो. कपाट हे तर प्रकरणच आहे. भिंतीतलं असेल तर एक शब्द, सुटं असेल तर दुसरा, स्वयंपाकघरातलं असेल तर तिसरा. आपण मात्र एका 'कपाटा'त सगळं कोंबतो आणि इंग्रजीत त्याला सरसकट कबर्ड म्हणतो. इथे ते ऐकणाऱ्याला वाटतं, या लोकांचे शर्ट कपबश्यांशेजारी असतात.

मी चौदा वर्षं दुभाषाचं काम केलं, गेल्या वर्षी थांबलो. त्याआधी ह्यूस्टनच्या एका कंपनीत पायपिंग डिझाइन करायचो. तेलाचा बाजार पडला तेव्हा पन्नाशीत नोकरी गेली. शुगर लँडमधलं घर, कॉलेजात जाणारी मुलगी, आणि दुसरी नोकरी मिळण्याची चिन्हं नाहीत. एका ओळखीच्या डॉक्टरांनी सुचवलं की हॉस्पिटलांना मराठी दुभाषे मिळत नाहीत, परीक्षा देऊन बघा. दिली. पायपिंगमध्ये प्रत्येक वस्तूला एकच नाव असतं आणि ते चुकलं तर प्लांट बंद पडतो, त्यामुळे नावांच्या बाबतीत मी काटेकोर आहे असा माझा समज होता. तो बरीच वर्षं टिकला.

बाहेरच्या माणसासाठी थोडं सांगतो. अनुवादक लिहितो, दुभाषा बोलतो. पेशंट म्हणाला, "माझं पोट दुखतंय," तर मी "यांचं पोट दुखतंय" असं सांगायचं नाही, "माझं पोट दुखतंय" असंच इंग्रजीत सांगायचं. स्वतःचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. खोलीत जे बोललं जाईल ते सगळं दुसऱ्या भाषेत जायला हवं, मग ती शिवी असो की नवरा-बायकोची कुजबुज. लक्षात ठेवायला कागदावर टिपणं काढायची आणि काम संपलं की ती मशीनमध्ये घालून त्यांचा भुगा करायचा. आणि शब्द माहीत नसेल तर सरळ म्हणायचं, मला हा शब्द माहीत नाही. हा शेवटचा नियम पुस्तकात अगदी सोपा दिसतो.

आता इंदूताई गावंडे यांची गोष्ट. नाव बदललं आहे, घरच्यांना विचारून लिहितो आहे.

इंदूताई शहात्तर वर्षांच्या, यवतमाळकडच्या दारव्ह्याच्या. मुलगा प्रशांत इथे एका एनर्जी कंपनीत इंजिनियर. दर वर्षी उन्हाळ्यात चार महिने त्याच्याकडे येत आणि परत दारव्ह्याला जाऊन आपल्या घरात राहत. त्या वर्षी जायच्या तीन आठवडे आधी त्यांना स्ट्रोक आला. उजवा हात आणि पाय लुळा पडला, तोंड किंचित वाकडं झालं आणि बोलणं जवळजवळ बंद झालं. मोठ्या हॉस्पिटलातून त्यांना रिहॅबमध्ये, म्हणजे पुनर्वसन केंद्रात हलवलं, तेव्हा एजन्सीने मला पाठवलं.

तिथली स्पीच थेरपिस्ट डायना. पन्नाशीची, उंच, हळू बोलणारी बाई. तिने मला काम समजावून सांगितलं. स्ट्रोकनंतर काही पेशंटांच्या डोक्यातून नावं हरवतात. वस्तू ओळखतात, पण तिचं नाव येत नाही. कुणी खुर्चीला टेबल म्हणतं. ती चूक झाली, पण शेजारची चूक. कुणी खुर्चीला पाणी म्हणतं, ती लांबची. आणि काही जण भाषेत नसलेलाच शब्द बोलतात. अगदी आत्मविश्वासाने बोलतात, पण त्याला अर्थ नसतो. "असे शब्द आले तर मला नक्की सांगा," ती म्हणाली. "त्यावरून बरंच काही ठरतं."

काय ठरणार होतं ते प्रशांतने बाहेर माझ्यासमोर डायनाला सांगितलं होतं. तो आणि त्याची बायको दोघं नोकरी करणारी. आईला आपलं म्हणणं सांगता येणार असेल, मदतीला हाक मारता येणार असेल, तर ते तिला घरी नेणार होते, दिवसा एक बाई ठेवणार होते. नाहीतर डॉक्टरांचा सल्ला नर्सिंग होमचा, म्हणजे इथल्या कायमच्या देखभालीच्या वृद्धाश्रमाचा होता. आसपासच्या कुठल्याच नर्सिंग होममध्ये मराठी बोलणारं कुणी नव्हतं.

घरातल्यांनी सुचवू नये म्हणून प्रशांतला बाहेर बसवलं. डायनाने घरातल्या वस्तूंच्या चित्रांचा गठ्ठा काढला. एक एक चित्र समोर धरायचं, इंदूताईंनी नाव सांगायचं, मी ते इंग्रजीत सांगायचं.

टेबलला त्या "टेबल" म्हणाल्या. कपाटाला "आलमारी". खुर्ची दाखवली तेव्हा बराच वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, "पाणी." स्वतःलाच ते चुकल्याचं कळलं. डावा हात हलवून नको नको म्हणाल्या, पण दुसरा शब्द आला नाही. आरशाला "खिडकी" म्हणाल्या. टेबललॅम्पचं चित्र आलं तेव्हा म्हणाल्या, "चिमणी."

इथे मी जरा छाती फुगवली. डायनाला सांगितलं की चिमणी म्हणजे एक लहान पक्षी, पण खेड्यात रॉकेलच्या छोट्या दिव्यालाही चिमणी म्हणतात. इथे तोच अर्थ आहे. डायना खूश झाली. "तुम्ही नसता तर मी पक्षी लिहिलं असतं," म्हणाली.

पलंगाचं चित्र आलं. उशाकडे लाकडी फळी असलेला, गादीचा, साधा अमेरिकन बेड. इंदूताई म्हणाल्या, "बाज." मी सांगितलं, काथ्याने विणलेली लाकडी खाट. डायनाने चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चुकीच्या रकान्यात खूण केली. शेजारची चूक. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. मी शब्दाचा अर्थ तंतोतंत दिला होता. इंदूताईंच्या घरी झोपायच्या वस्तूला बाजच म्हणत असतील, मग ती काथ्याची असो की गादीची, आणि त्या हिशेबाने त्यांचं उत्तर बरोबर होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मग एक लहानसं चार पायांचं स्टूल आलं, पलंगाशेजारी ठेवतात तसं. त्या म्हणाल्या, "घडवंची." माझ्या कानावर पडलं ते 'घडव' आणि पुढे काहीतरी पुटपुटल्यासारखं. आणि त्यानंतर झोपाळा. अमेरिकन घरांच्या पुढच्या पोर्चमध्ये साखळ्यांनी टांगलेला असतो तसा.

"बंगई," इंदूताई म्हणाल्या.

मी डायनाची परवानगी घेऊन त्यांना पुन्हा सांगायला सांगितलं.

"बंगई. बंगई." दुसऱ्यांदा जरा चिडून.

मी मनातल्या मनात शोधलं. बांगडी? बंगला? बंगाली? साठी उलटलेला सांगलीकडचा माणूस मी. मराठी शाळेत शिकलो, मराठी पुस्तकं वाचली, आणि हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. डायना वाट बघत होती. मला हा शब्द माहीत नाही, एवढंच म्हणायचं होतं. चिमणीची छाती अजून खाली बसली नव्हती. मी म्हणालो, "हा शब्द नाही."

"म्हणजे भाषेत नाही?"

"नाही."

"आणि आधीचा?"

"तोही नाही."

तिने दोन्हींपुढे खुणा केल्या. चित्रं संपली. मी माझी टिपणं मशीनमध्ये घातली, सही केली आणि निघालो. बाहेर प्रशांत उभा होता. पेशंटच्या घरच्यांशी दुभाषाने परस्पर बोलायचं नसतं, म्हणून मान हलवून पुढे गेलो.

गाडी चालवताना तो शब्द कानात राहिला. अर्थ नसलेले शब्द मी आधीही ऐकले होते. ते दर वेळी वेगळे निघतात, माणूस दुसऱ्यांदा तोच शब्द तसाच म्हणत नाही. इंदूताईंनी तीन वेळा बंगई म्हटलं होतं आणि तीनही वेळा तेच. वर चिडल्या होत्या, समोरचा मठ्ठ असल्यावर माणूस चिडतो तशा. फ्रीवेवरून उतरेपर्यंत मला घाम फुटायला लागला होता, आणि तो टेक्सासच्या उन्हाचा नव्हता.

घरी आल्यावर बायकोला विचारलं, "बंगई म्हणजे काय ग?" ती कोल्हापूरची. म्हणाली, "भांगेसारखं काही असेल." मग आठवलं, आमच्या जुन्या ऑफिसातले वसंतराव अमरावतीचे. निवृत्त होऊन बेलव्ह्यूला मुलीकडे राहतात. फोन लावला. कोण, कुठे, काही सांगितलं नाही, फक्त शब्द विचारला.

"बंगई? अरे यार माने, झोपाळा रे. आमच्याकडे सगळे बंगईच म्हणतात. का बरं?"

"आणि घडव... घडव-काहीतरी असं असतं का?"

"घडवंची? असते ना. चार पायांचं लाकडी स्टँड. त्यावर पाण्याची भांडी ठेवतात, अंथरुणाच्या वळकट्या ठेवतात. तुमच्याकडे काय म्हणतात?"

मला सांगता येईना. आमच्याकडे ती वस्तूच नव्हती की वस्तू होती आणि मी नाव विसरलो होतो, हेही मला सांगता येईना. एका बाईने झोपाळ्याचं चित्र बघून झोपाळा म्हटलं होतं, आणि मी तिचा मेंदू बिघडल्याचं लिहवून आलो होतो.

एजन्सीत फोन केला. तिथली मुलगी समजूतदार होती. म्हणाली, "दुरुस्तीचा फॉर्म आहे, भरा. पण एक सांगू का, असे फॉर्म भरणाऱ्या दुभाषाला हॉस्पिटलं पुन्हा बोलवत नाहीत कधी कधी." मी फॉर्म भरला. पण फॉर्म पोचायला दोन दिवस लागतात, आणि इंदूताईंचं पुढे काय ते ठरवणारी टीमची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला होती. मी साडेआठला रिहॅबच्या दारात जाऊन उभा राहिलो.

डायना कॉफीचा कप घेऊन आली. मी पाठ केलेलं बोलून टाकलं. माझी चूक झाली. ते दोन्ही शब्द आहेत, चांगले वापरातले शब्द आहेत, मला माहीत नव्हते. आणि पलंगाचं उत्तरही बहुधा बरोबरच होतं.

ती रागावेल अशी माझी तयारी होती. तिने कप ठेवला आणि म्हणाली, "स्पेलिंग सांगा." मी सांगितलं. तिने दोन्ही शब्द लिहून घेतले, एकदा मोठ्याने म्हणून पाहिले. मग विचारलं, "अजून किती असतील?"

"माहीत नाही. टिपणं नष्ट केली."

"मग नुसती खूण बदलून चालणार नाही. पुन्हा तपासायला हवं. आणि चित्रं अमेरिकन नकोत." तिने बैठकीत निर्णय शुक्रवारपर्यंत पुढे ढकलला आणि प्रशांतला सांगितलं की आईच्या घरातल्या सामानाचे फोटो मागवा. मला वाटलं होतं ती दुसरा दुभाषा मागेल. तिने मागितला नाही. नंतर कधीतरी म्हणाली की चूक सांगायला परत आलेला दुभाषा तिला त्याआधी भेटला नव्हता.

शुक्रवारी दुपारी आम्ही चौघं त्या खोलीत होतो. फोटो प्रशांतच्या टॅबलेटवर होते, म्हणून या वेळी त्याला आत बसू दिलं, सुचवायचं नाही या अटीवर. दारव्ह्याच्या चुलतभावाने, नितीनने, घरात फिरून ते काढले होते.

सुरू करण्याआधी मी डायनाला विचारून इंदूताईंशी बोललो. "काकू, परवा तुमचा शब्द मला कळला नव्हता. मी तो चूक सांगितला. माझं चुकलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग एक एक शब्द उचलून ठेवल्यासारखं बोलल्या. "मंग... विचारलं... काऊन नाही?"

त्यांचं हे पहिलं पूर्ण वाक्य मी ऐकलं. मग विचारलं का नाही, हे डायनाला जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. तिने ते लिहून घेतलं.

पहिला फोटो घडवंचीचा. "घडवंची," लगेच. दुसरा बाजेचा, वर वळकटी. "बाज." तिसरा आलमारीचा. "आलमारी," त्या म्हणाल्या आणि मग टॅबलेट डाव्या हाताने जवळ ओढला. "हे... इथं... नाही."

मी सांगितलं. डायनाचं पेन चुकीच्या रकान्याकडे वळलं. वस्तू समोर दिसत असून नाही म्हणतात, असं तिला वाटलं असणार. मलाही तसंच वाटलं. प्रशांत मात्र खुर्चीत हलला.

चौथ्या फोटोत एक जाड लाकडी फळी भिंतीला टेकवून उभी होती, शेजारी साखळ्यांचा ढीग.

"बंगई," इंदूताई म्हणाल्या. आणि मुलाकडे वळल्या. "कोनं काढली?"

प्रशांत इंग्रजीत मला म्हणाला, "काका, हे ट्रान्सलेट नका करू, प्लीज. हे टेस्टमधलं नाहीये."

असं वर्षातून चार-पाचदा होतं आणि उत्तर ठरलेलं असतं. मी ते दोन्ही भाषांत दिलं. या खोलीत जे बोललं जाईल ते सगळं मला सांगावं लागतं. त्यात प्रशांतने आत्ता केलेली विनंतीही आली. तीही मी मराठीत सांगितली. इंदूताईंचे डोळे त्याच्यावरून हलले नाहीत.

"आई," तो म्हणाला, "घर भाड्याने दिलंय. एक तारखेपासून. नितीनने सामान मागच्या खोलीत हलवलंय."

"कधी?"

"तू अ‍ॅडमिट होतीस तेव्हा ठरवलं. बंद राहिलं असतं तर खराब झालं असतं ना घर."

"मले... विचारलं काऊन नाही?"

"तू बोलतच नव्हतीस, आई."

हे मला इंग्रजीत म्हणायचं होतं, आणि नियमाप्रमाणे त्याच्या तोंडचं म्हणून. तू बोलतच नव्हतीस, आई. मी ते डायनाकडे बघत म्हणालो. माझी स्वतःची आई सांगलीत वारली तेव्हा मी इथे एका प्लांटच्या ड्रॉइंगवर बसलो होतो. चौदा वर्षांत खूप वाईट बातम्या मी दुसऱ्याच्या तोंडाने सांगितल्या, पण त्या वाक्याला माझा आवाज हलला. डायनाच्या लक्षात आलं असावं, तिने मान खाली घातली.

इंदूताईंच्या तोंडाची डावी बाजू हलत होती, शब्द शोधत होत्या. आम्ही कुणीच मदत केली नाही. दोघांना मनाई होती आणि तिसरीला भाषा येत नव्हती. मग त्यांनी बोटाने फोटोवरची फळी दाखवली.

"टेकून ठेवली त... वाकते. लावून द्या. त्याईले."

फळी अशी टेकवून ठेवली तर वाकते. ती परत टांगा, भाडेकरूंना वापरू द्या. मी हे सांगितल्यावर डायनाने पेन खाली ठेवलं. तिने मला सगळं पुन्हा सुरुवातीपासून विचारलं. आलमारी इथे नाही, म्हणजे ती एरवी दुसऱ्या जागी असते, असंच ना? फोटो बघून त्यांनी ओळखलं की घर रिकामं केलंय? आणि कुणी सांगितलेलं नसताना? प्रत्येक प्रश्नाला प्रशांत हो म्हणत गेला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "आई, सॉरी. खरंच सॉरी." त्या एवढंच म्हणाल्या, "नितीनले फोन लाव."

त्याने लावला. दारव्ह्याला मध्यरात्र उलटली होती. झोपेतल्या नितीनला काकूंनी चार शब्दांत बंगई टांगायला सांगितलं. तिकडून तो रडत असल्याचं ऐकू आलं. डायनाने रिपोर्टमध्ये नावांच्या आकड्यांखाली हा सगळा प्रसंग लिहिला आणि बैठकीत तोच वाचून दाखवला, असं तिने नंतर सांगितलं. इंदूताई नर्सिंग होमला गेल्या नाहीत. प्रशांतच्या घरी गेल्या.

सगळं ठीक झालं असं मी म्हणणार नाही. पुढे चार महिने आठवड्यातून एकदा त्या थेरपीला यायच्या आणि मी असायचो. बरेच शब्द परत आले. आरसा आला नाही. शेवटपर्यंत त्या आरशाला खिडकी म्हणायच्या, आणि ती खरोखरची चूक होती, तिला कुठल्याही तालुक्यात आधार नव्हता. प्रशांतशी त्या काही आठवडे तुटक वागत होत्या. तो मात्र बदलला. थेरपीच्या गृहपाठासाठी रोज संध्याकाळी आईजवळ बसून दारव्ह्याच्या घरातली एक एक वस्तू विचारायचा, आणि निम्म्या वस्तूंची नावं त्यालाच येत नव्हती. नंतर एकदा मायलेक महिनाभर दारव्ह्याला राहून आले, असं कळलं.

हॉस्पिटलने मला बोलवणं बंद केलं नाही. मी मात्र जरा वेगळा झालो. मला हा शब्द माहीत नाही, हे वाक्य मी दोन्ही भाषांत बिनदिक्कत बोलायला लागलो, दिवसातून दोनदा वेळ आली तर दोनदा. गावाकडच्या पेशंटच्या घरातल्या सामानाबद्दल आधी प्रशांतसारख्या कुणाला तरी विचारून घ्यायचं, हेही डायनाने आणि मी ठरवून टाकलं. वस्तूचं नाव येत नसेल तर उंची, पाय आणि उपयोग सांगायचा, हे मी शिकलो. पाट म्हणजे स्टूल नव्हे, जमिनीपासून दोन बोटं उंच असलेली बसायची फळी. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईच्या डॉक्टरला हा फरक माहीत हवा.

पण त्याआधीच्या वर्षांचं काय, हे मला अधूनमधून छळतं. इंदूताईंच्या आधी मी अशा कितीतरी खोल्यांत बसलो होतो. कोकणातले, खानदेशातले, बीडचे, चंद्रपूरचे म्हातारे-म्हाताऱ्या. त्यातल्या किती जणांना मी शब्द नाही म्हणून मोडीत काढलं असेल? आठवायला टिपणं नाहीत. नियमाप्रमाणे सगळ्याचा भुगा केला आहे.

थेरपीच्या शेवटच्या दिवशी डायनाने इंदूताईंना म्हटलं, आज तुम्ही प्रश्न विचारा, कुणालाही, काहीही. गप्पा सुरू करता येणं हीच त्या दिवसाची परीक्षा होती. त्यांनी थोडा विचार केला आणि माझ्याकडे वळल्या.

"भाऊ, तुमच्याकडे बंगईले काय म्हणतात?"

"झोपाळा," मी म्हणालो.

"झो-पा-ळा." त्यांनी तो शब्द तोंडात घोळवला. मग त्यांच्या तोंडाची चांगली बाजू वर गेली. "झोपते कोन त्याच्यावर? बसाचं असते."

आणि त्या हसल्या. आवाज करून, खांदे हलवून. मीही हसलो, प्रशांतही. डायना आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघत होती. "काय झालं?" तिने विचारलं. "सांगा ना."

मी सांगायला सुरुवात केली. आधी झोपणं म्हणजे काय ते सांगितलं, मग झोपाळा, मग त्या दोन शब्दांचं दिसायला कसं नातं आहे ते, मग बंगईवर लोक बसतात, झोपत नाहीत हे. तिसऱ्या वाक्यापर्यंत विनोदाचा जीव गेला होता. डायना नम्रपणे मान हलवत होती. इंदूताई माझी धडपड बघत होत्या आणि आणखी जोरात हसत होत्या.